रसग्रहणाचं रसग्रहण

२७ फेब्रुवारी जवळ आला की आपल्या हॉस्टेलवर दोन प्रकारची माणसं दिसायला लागतात. एक म्हणजे ज्यांनी मराठी दिनाच्या स्पर्धेला नाव दिलेलं असतं ती. आणि दुसरी म्हणजे ज्यांच्याकडे ही पहिली माणसं फुलस्केप कागद घेऊन येतात आणि म्हणतात, "जरा बघ ना रे, कसं झालंय!" गेली तीन वर्षं मी दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याला कारण विशेष काही नाही. बारावीला मराठीत बरे मार्क होते, एवढं एकदा मेसमध्ये बोलून बसलो, ते अंगाशी आलं.

"कसं झालंय" या प्रश्नाची हॉस्टेलवर दोनच उत्तरं प्रचलित आहेत. पहिलं उत्तर, "मस्त! दे पाठवून." हे न वाचताही देता येतं. दुसरं उत्तर म्हणजे लाल पेन. मी दोन्ही उत्तरं दिली आहेत. पहिल्याने कुणाचं भलं झालं नाही. दुसऱ्याने मात्र एक चांगला लेख मारला, आणि तो मारणारा मीच होतो. म्हणून हा लेख.

सेकंड इयरला असताना माझ्या रूममेटने कुसुमाग्रजांच्या 'कणा' या कवितेचं रसग्रहण लिहिलं होतं. तो महाडचा. २०२१ च्या जुलैत महाडला पूर आला तेव्हा त्याच्या घरात पाणी शिरलं होतं. आता 'कणा' ही कविता आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेली. पुराने घर धुऊन नेलेला एक माणूस आपल्या जुन्या सरांना भेटायला येतो, एवढाच प्रसंग. पण त्या कवितेत नदीबद्दल राग नाही. ज्या नदीने संसार मोडला तिच्याबद्दल तो माणूस माहेरी आलेल्या मुलीबद्दल बोलावं तसं बोलतो. माझ्या रूममेटने नेमकं यावर बोट ठेवलं होतं. त्याने लिहिलं होतं की पाणी ओसरल्यावर घरातले सगळे चिखल उपसत होते, पण आजीने सावित्रीला एकही शिवी दिली नाही. घरचं माणूस येऊन गेल्यासारखं ती म्हणत होती, "आली, राहिली, गेली."

मी काय केलं असेल? त्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, "व्यक्तिगत. विषयांतर. काढणे." त्या जागी स्वतःच्या हाताने "मानवी जिद्दीचा चिरंतन विजय" वगैरे सहा ओळी घातल्या. प्रस्तावना बदलली, शेवट बदलला. रात्री दीडपर्यंत बसून त्याला ते फेअर करायला लावलं. लेखाला दुसरं बक्षीस मिळालं. संध्याकाळी त्याने प्रमाणपत्र आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "हे तुझंच आहे." भांडला नाही, काही नाही. रात्री आम्ही नेहमीसारखे मेसला एकत्र गेलो. पण त्यानंतर त्याने कधी स्पर्धेला नाव दिलं नाही.

तेव्हा मला वाटलं होतं की हा उगाच भाव खातोय. चूक कळायला मला दोन वर्षं आणि एक ज्युनियर लागला.

आपल्याकडे गावावरून हाक मारायची पद्धत आहेच. मी 'रोहा' आणि हा सेकंड इयरचा ज्युनियर 'पेण'. दोघांचा मार्ग एकच, शनिवारी संध्याकाळची दिवा–रोहा गाडी. तो पेणला उतरतो, मी पुढे कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला. या प्रवासात आमचा एक कायमचा वाद असतो, मोठं गाव कोणाचं. तो गणपती काढतो, मी धावीर महाराजांची पालखी काढतो. तो म्हणतो, विनोबा आमचे, गागोदे पेण तालुक्यात. मी म्हणतो, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, त्यांचं घराणं आमच्या रोह्याचं, आणि 'मेघदूत' मराठी पद्यात आणलं ते त्यांनी. असो. हा वाद जितेच्या पुढे सहसा जात नाही.

या वर्षी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पनवेलला गाडीत बसल्याबसल्या त्याने सॅकमधून चार पानं काढली. "दादा, सोमवारी द्यायचंय. पेण येईपर्यंत बघशील?" बालकवींच्या 'औदुंबर'चं रसग्रहण होतं. हातात वेळ पाऊण-एक तासाचा.

सवयीने माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. मग ते प्रमाणपत्र आठवलं आणि हात परत आला. शिवाय हलत्या गाडीत लिहिता येतही नाही, हेही खरं!

पहिलं पान पूर्ण चरित्राचं. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. जन्म १८९० साली धरणगावला. १९०७ साली जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. तिथे या सतरा वर्षांच्या पोराची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून मृत्यू, वय अवघं सत्तावीस. सगळं बरोबर होतं. दुसऱ्या पानावर "निसर्गाचे मनोहारी चित्रण" आणि "शब्दांच्या कुंचल्याने रंगविलेले". तिसऱ्या पानावर थोडी खाडाखोड. चौथ्यावर असं की कवीला आपल्या अकाली मृत्यूची चाहूल लागली होती आणि औदुंबर हे त्याच उदासीचं प्रतीक आहे.

पूर्वीचा मी असतो तर इथे "पहिलं पान उडव" म्हणून मोकळा झालो असतो. या वेळी म्हटलं, आधी मला काय कळलं ते सांगतो. "तू म्हणतोयस की बालकवी उदास होते, लवकर गेले, म्हणून झाडही उदास आहे. बरोबर?"

तो गोंधळला. म्हणाला, "नाही दादा. मला तसं नव्हतं म्हणायचं."

मित्रांनो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मी एकही चूक काढली नव्हती. त्याचाच लेख दोन वाक्यांत त्याला परत सांगितला होता. लॅबमध्ये सर्किट जोडून झालं की आपला पार्टनर एकेक वायर हाताने धरून "ही इथून इथे, ही इथून ग्राउंडला" असं म्हणत जातो. तो काही आपल्याला शिकवत नसतो, पण चुकलेली वायर आपल्यालाच दिसते. लेखाचंही तसंच. वाचणाऱ्याने पहिल्यांदा एवढंच करावं: मला हे कळलं, तुला हेच म्हणायचं होतं का? त्यात "चांगलं" नाही, "वाईट"ही नाही. आणि लिहिणाऱ्याला राग यायचं काही कारण उरत नाही.

मग मी विचारलं, "मृत्यूची चाहूल कवितेत कुठे दिसली?" त्याने मोबाईलवर कविता काढली. कविता आहे आठ ओळींची. दोनदा वाचली. म्हणाला, "कवितेत नाहीये. गाईडमध्ये होतं."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना कवितांचे नुसते कागद वाटले. कवीचं नाव नाही, साल नाही. म्हणाले, वाचा आणि काय वाटतं ते लिहून द्या. त्यातल्या तेरा कविता आणि त्यांच्यावरची विद्यार्थ्यांची उत्तरं घेऊन त्यांनी १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक काढलं. साहित्य शिकणारी हुशार पोरं, पण कवीचं नाव काढून घेतल्यावर त्यांची भंबेरी उडाली. कुणी साधा अर्थच चुकवला, कुणी कवितेतलं सोडून स्वतःची भलतीच आठवण लिहिली, आणि बऱ्याच जणांनी आधीपासून तयार असलेली साचेबंद भावना कवितेला चिकटवून दिली. आपल्याकडे दहावीला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन कप्पे आहेत. कप्पे वाईट नाहीत, पेपर तपासणाऱ्याला सोय होते. पण तीन कप्पे भरले म्हणजे कविता वाचली असं आपल्याला वाटायला लागतं, हा घोळ आहे.

पेणला मी एवढं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, समज हा कवी ऐंशी वर्षं जगला असता आणि म्हातारपणी झोपेत गेला असता, तर याच आठ ओळी वाचून तुला काय वाटलं असतं? तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. आपटा येऊन गेलं.

मग आम्ही "मनोहारी चित्रण" धरलं. मनोहारी म्हणजे काय? कुठले रंग? तो बोटांवर मोजायला लागला. दोन्ही काठांवर हिरवा. झरा निळसर सावळा. पुढे शेतमळ्यांचा पुन्हा हिरवा. त्यातून जाणारी पायवाट पांढरी. मग कुरण हिरवं, आणि पायवाट पोचते तो डोह काळा. म्हणजे हिरवा तीनदा, पांढरा एकदा, आणि शेवटी काळा. इंजिनिअरिंगची सवय, म्हणून मी मात्राही मोजल्या. लघु एक, गुरु दोन. पहिल्या ओळीतले पहिले दोन तुकडे बरोब्बर ८–८ मात्रांचे निघाले. आम्ही उगाच खूश झालो. याचा त्याच्या लेखाला काही उपयोग झाला नाही हे मान्य करतो.

तेवढ्यात माझं लक्ष तिसऱ्या पानावरच्या खाडाखोडीकडे गेलं. दोन वर्षांपूर्वी गेलं नसतं. महाडवाल्याच्या आजीवर मी स्वतः रेघ मारली होती, म्हणून आता खोडलेलं दिसलं की थांबतो. त्याने स्वतःच खोडलेलं वाक्य होतं. कसंबसं वाचलं, "शेवटची ओळ म्हणजे आखणी."

"हे काय आहे?"

"काही नाही दादा. ते चुकून लिहिलं."

खोदून विचारलं तेव्हा बोलला. त्याच्या घरी गणपतीचं काम चालतं. साच्यातून मूर्ती निघते, ती कच्ची मूर्ती. मग भोकं-चिरा बुजवायच्या, पॉलिश पेपर मारायचा, पांढरा हात द्यायचा, अंगाचा रंग, पितांबर, दागिने. सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. ती घरात त्याचे काका करतात, दुसऱ्या कुणाला ब्रश लावू देत नाहीत. तो म्हणाला, "आखणी होईपर्यंत आम्ही मूर्ती कशी पण उचलतो, फळीवर लायनीत ठेवतो, मध्ये बसून वडापाव खातो. डोळे आखले की मग तिच्याकडे पाठ करून बसायला कसंतरी होतं. कुणीतरी आलंय असं वाटतं. या कवितेत पण शेवटच्या ओळीत कुणीतरी आल्यासारखं वाटतं. आधीच्या ओळींत कुणीच नाहीये."

मी कविता पुन्हा वाचली. खरंच कुणी नाही! चार घरांचं गाव आहे, पण घरांत माणूस दिसत नाही. शेतं आहेत, शेतकरी नाही. पायवाट आहे, चालणारा नाही. सात ओळी सगळं रिकामं, आणि आठव्या ओळीत पाण्यात पाय सोडून बसलेला पहिला 'कुणीतरी' भेटतो, तो झाड आहे. ही कविता मी शाळेपासून वाचत आलो, पण मला हे कधी दिसलं नव्हतं.

"मग खोडलंस का?"

"रसग्रहणात असलं चालतं का? कारखान्याचं?"

आता सांगा, याला काय उत्तर देणार? "चालतं, बिनधास्त लिही" म्हणणं सोपं होतं. पण तेही लाल पेनाइतकंच आयतं झालं असतं. मी म्हटलं, परीक्षकांना चालेल की नाही ते मला माहीत नाही. कवितेला चालतं का ते बघू. औदुंबराला डोळे आहेत का? नाहीत, पाय आहेत. म्हणजे आखणीची तुलना डोळ्यांपुरती घेतलीस तर ती फसते. "सगळ्यात शेवटी येतं आणि आल्यावर आधीचं सगळं बदलतं" एवढ्यापुरती घेतलीस तर टिकते. त्याने हे पेन्सिलने समासात लिहून घेतलं. त्याच्या अक्षरात, त्याच्या शब्दांत. मी कागदाला हात लावला नाही.

मग आमचं जुंपलं. मला 'औदुंबर' ही उदास कविता वाटते, लहानपणापासून. पांढरी वाट सगळं हिरवं सोडून काळ्या डोहाकडे जाते, याला दुसरं काय म्हणायचं? तो म्हणे, अजिबात नाही. उन्हाळ्यात आपण नदीवर जाऊन पाय सोडून बसतो, तेव्हा काय आपण उदास असतो? आणि कवीने त्या काळोख्या रंगाला गोड म्हटलंय त्याचं काय? इथे मी अडकलो. तो शब्द मी इतकी वर्षं सोडूनच पुढे जात होतो. या आठ ओळींवर मोठमोठ्या समीक्षकांचं एकमत झालेलं नाही, तिथे आम्ही जिते ते हमरापूरमध्ये काय निकाल लावणार! शेवटी मी म्हटलं, "तुझं तू लिही, मला पटत नाही. पण माझ्यासारखा वाचणारा विचारेल की मग डोह काळाच का? त्याचं उत्तर दे." विरोधी मत असलं की ते लेखात घुसवायचं नसतं, फक्त प्रश्न म्हणून समोर ठेवायचं असतं. हे वाक्य आत्ता शहाणपणाचं वाटतंय. गाडीत मी ते बऱ्याच चढ्या आवाजात म्हणालो होतो आणि समोरच्या बाकावरच्या मावशी हसल्या होत्या.

शुद्धलेखनाचं काय, असं काही सर विचारतील. ते पाहिलं, पण सगळ्यात शेवटी. 'औदुंबर' एके ठिकाणी 'औंदुबर' झाला होता, दोन ऱ्हस्व-दीर्घ होते. मी फक्त त्या ओळींसमोर टिंब दिलं, चूक त्याने शोधली. आधीच शुद्धलेखन हातात घेतलं की लिहिणारा तेवढंच दुरुस्त करून सुटतो, हा माझा अनुभव. जो परिच्छेद उद्या जाणारच आहे त्यातल्या वेलांट्या आज कशाला सुधारायच्या?

मित्रांनी एकमेकांचं लिखाण तपासायचं ही काही आपली शोधाशोध नव्हे. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ निघालं. त्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश असे कवी होते, मनोरमाबाई आणि श्री. बा. रानडे हे जोडपं होतं. सगळे एकत्र जमून आपापल्या कविता वाचायचे आणि त्यावर बोलायचे. त्यांच्यावर पुढे टीकाही भरपूर झाली आणि अत्र्यांनी विडंबनं करून धमाल उडवली. पण कवितेवर समोरासमोर बसून बोलायची सवय त्यांनी लावली. याच्या बरोब्बर उलटं टोक म्हणजे पेणकरांचे विनोबा. ते तरुणपणी कविता करायचे आणि मनासारखी जमली की अग्नीला द्यायचे. काशीला गेल्यावर गंगेला द्यायला लागले. "कसं झालंय" हा प्रश्नच नाही! तेच पुढे 'गीताई' लिहून बसले आणि ती १९३२ पासून घरोघरी गेली. आपल्यासारख्यांना मात्र गंगाही नाही आणि तेवढं वैराग्यही नाही, तेव्हा रूम नंबर शोधत फिरावंच लागतं.

पेण आलं तेव्हा त्याच्या समासात सात-आठ ओळी होत्या, सगळ्या त्याच्याच. उतरताना म्हणाला, "दादा, पहिलं पान काढू?" मी म्हटलं, अर्धं तरी काढ. सोमवारी त्याने दिलेला लेख मी पाहिला. चरित्र पाऊण पान शिल्लक होतं. विचारलं तर म्हणाला, "आईला वाचून दाखवलं, तिला ते आवडलं, म्हणून ठेवलं." मला अजूनही वाटतं की काढायला हवं होतं. पण लेख त्याचा. आखणीचा परिच्छेद होता. काळ्या डोहाचं उत्तरही होतं, मला पूर्ण पटलं नाही, पण कवितेतल्या शब्दांवर उभं होतं. आणि "शब्दांच्या कुंचल्याने" तसंच्या तसं राहिलं होतं. ते आम्ही दोघंही विसरलो!

बक्षीस मिळालं नाही. पण मार्चमध्ये तो बहिणाबाईंची एक कविता घेऊन पुन्हा पनवेलला गाडीत माझ्या शेजारी येऊन बसला, म्हणून मी समजतो की निदान या वेळी मी कुणाचं लिहिणं थांबवलं नाही.

त्याच आठवड्यात मी महाडवाल्याच्या रूमवर गेलो. आता आम्ही वेगळ्या विंगमध्ये आहोत. 'कणा'च्या लेखाबद्दल जे बोलायचं होतं ते बोललो, त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, मी रेघा मारायच्या आधीचा कागद आहे का, आजीचा परिच्छेद असलेला. आपल्या भित्तिपत्रकावर तो जसाच्या तसा लावायचा आहे, त्याची परवानगी असेल तर. म्हणाला, "घरी असेल कुठेतरी. बघतो." अजून आणलेला नाही. सुट्टीवरून तो परत आला की मी दर सोमवारी विचारतो.